काट्याआधीचा गुलाल

दौंड स्टेशनच्या मागं, रेल्वे कॉलनीची भिंत संपते तिथं माझं घर आहे. समोरच्या चहावाल्याला मी जॉकी होतो एवढं माहीत आहे, त्यामुळे तो रोज सकाळी कप पुढं करताना हळूच विचारतो, ‘‘काका, आज कुठला लावू?’’ मी रोज सांगतो, बाबा रे, मी घोडे पळवले, लावले कधीच नाहीत. त्याला वाटतं, मोठा माणूस आहे, सांगत नाही. उपाशी राहून आणि हाडं मोडून घेऊन मी जे कमावलं, त्याची या भागात एवढीच किंमत. रेस म्हटलं की लोकांना घोडा दिसत नाही, तिकीट दिसतं.

माझ्या वडिलांनाही तेच दिसायचं. आबांना मी दोष देत नाही. म्हणजे रोज देतो, पण मनातल्या मनात.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत असते. चढाचा एक लांब रस्ता, त्याला घाट म्हणायचं. तिथं गाडे एकामागं एक सुटतात, आणि एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. या बैलांच्या पुढं एक घोडी पळते. ती पुढं दिसते म्हणून बैल जीव तोडून धावतात. आमच्या चुलत्याच्या गाड्यापुढं जी घोडी पळायची तिच्यावर मी बसायचो. खोगीर नाही, रिकीब नाही, खाली घोडीची पाठ आणि मुठीत आयाळ. मागं चार बैलांचा फुत्कार पाठीला लागायचा. पुढं मला जे काही आलं ते तिथंच आलं, पुण्याच्या तबेल्यात त्याला नुसता कपडा चढवला.

आबा त्या घाटाचे झेंडापंच. त्यांनी झेंडा खाली टाकला की गाडा सुटणार, आणि तिथून घड्याळ सुरू. त्यांचा शब्द शेवटचा. एका यात्रेत चुलत्याचा गाडा झेंड्याच्या आधी सुटला. अगदी किंचित. वर घड्याळवाल्यानं सगळ्यांत चांगली वेळ सांगितली, लोकांनी मला घोडीवरून ओढलं, गुलालानं माखलं, आणि खालून आबा चालत चालत वर आले. म्हणाले, ‘‘ही बारी बाद.’’ चुलता तणतणला, म्हणाला, घोडीवर तुमचाच पोरगा हाय की. आबा म्हणाले, ‘‘व्हय, माझाच हाय. बाद ते बाद.’’ चुलता दिवाळीपर्यंत आमच्या दारात आला नाही. मी मात्र त्या दिवशी अंगावरचा गुलाल झटकताना खूश होतो. असा बाप पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

गुलालाचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घाटात बारी चांगली झाली की घोडीवाल्याला कुणी आपल्या पायानं उतरू देत नाही. त्याला कमरेला धरून खाली ओढायचं, कपाळाला गुलाल फासायचा, डोक्यावर फेटा ठेवायचा, खांद्यावर घ्यायचं. ज्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही तो हरला, असं सरळ गणित. भोंग्यावरचा निकाल ऐकू आला नाही तरी चालतं, कोण किती रंगलंय ते बघायचं.

एकदा पुण्याच्या रेसच्या तबेल्यातला एक ट्रेनर कुणा पाहुण्याबरोबर आमच्या यात्रेला आला. त्यानं मला घोडीवर बघितलं, माझं हलकं अंग बघितलं, आणि आबांना विचारलं. आबांनी नाही म्हटलं. आई तेव्हा होती. ती म्हणाली, जाऊ द्या, जनावरातच काम करायचंय, चोरी करायची नाही. मी गेलो. आबा एस.टी.पर्यंत आले नाहीत.

तबेल्यातली पहिली वर्षं लीद काढण्यात आणि मार खाण्यात गेली. पहाटे घोडे फिरवायचे, दुपारी खरारा करायचा, आणि दिवसभर हिंदीत शिव्या ऐकायच्या. मग शर्यती मिळू लागल्या, मग जिंकू लागलो, आणि एका मोसमात सगळ्यांत जास्त शर्यती जिंकून चॅम्पियन झालो. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात चॅम्पियन म्हणजे गरम खोलीत रबरी कपडे घालून घाम गाळणारा, भाकरीचा चतकोर चघळून थुंकणारा माणूस. सणाला गावी गेलो की आई ताट वाढायची आणि मी नुसता बोटं फिरवायचो. गावातल्या बाया तिला बाजूला घेऊन विचारायच्या, याला कसला आजार हाय का गं. आई गेली तोवर मी तिच्या हातची पुरणपोळी पुन्हा पोटभर खाल्ली नाही. आता खाऊ शकतो, कुणीही काही म्हणणार नाही. पण करणारी गेली.

जॉकीचा देव घोडा नाही, वजनकाटा. कुठल्या घोड्यानं किती वजन वाहायचं ते ठरलेलं असतं. शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो, आणि जिंकून आला की पुन्हा बसतो. त्या दोन्ही वजनांचा मेळ बसला तर जिंकला. म्हणून घोडा थांबल्यापासून काटा होईपर्यंत जॉकीनं ठरलेल्या जागीच उतरायचं, आणि कुणी त्याला हात लावायचा नाही. न जाणो, कुणी खिशात शिशाचा तुकडा सरकवला तर. चुकून गर्दीत धक्का लागला तर सोडून देतात, बाकी कशाला माफी नाही. मालक घोड्याचा लगाम धरून चालतो, फोटो निघतात, पण जॉकीच्या अंगाला कुणी शिवत नाही. आमच्या घाटाच्या बरोबर उलटं. मला याची सवय झाली. आबांना मी हे कधी सांगितलं नाही, कारण रेसचा विषय काढला की ते उठून गोठ्यात जायचे.

गावात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर आबा गप्प बसत. ते खोटं बोलत नसत, आणि खरं सांगायची त्यांना लाज वाटायची. रेसवाल्या पोराला गावाकडं कुणी मुलगी देईना. शेवटी दौंडच्या एका रेल्वे गार्डनं दिली. त्या सासऱ्यांचं आणि माझं पहिल्या भेटीत जमलं ते असं की ते म्हणाले, ‘‘आमची गाडी वेळेवर पोचली तर कोणी आभार मानत नाही, उशीर झाला की सगळे शिव्या घालतात. तुमचंही तसंच असेल.’’ मी म्हटलं, अगदी तसंच आहे. त्यांच्याइतकं माझं काम नंतर कुणाला समजलं नाही.

वर्तमानपत्रात फोटो यायचे. ते कापून मी गावी पाठवत होतो अशातला भाग नाही, पण गेलो की विसरल्यासारखा एखादा अंक घरात ठेवून यायचो. पुढच्या खेपेला तो गोठ्याच्या खिडकीला लावलेला दिसायचा, वारा येऊ नये म्हणून. मला कप नको होते. ते मालकाच्या दिवाणखान्यात जातात, जॉकीच्या घरात नाही. मला एवढंच हवं होतं की ज्या पंचानं माझी बारी सगळ्या गावासमोर बाद केली, त्यानं माझं एक तरी जिंकणं खरं आहे म्हणावं. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस किती वर्षं उपाशी राहू शकतो, हे आता आठवलं की माझाच मला राग येतो.

आई गेल्यावर बायकोनं आबांच्या मागं धोसरा लावला. एकदा बघा, मग काय बोलायचं ते बोला. आणि एका मोसमाच्या शेवटच्या दिवशी आबा आले. त्या दिवशी मी आणि दुसरा एक जॉकी जिंकलेल्या शर्यतींत बरोबरीत होतो. मोठी शर्यत जो जिंकेल तो चॅम्पियन. आबांनी धुवट धोतर, सदरा, टोपी असा यात्रेचा वेष केला होता. दारावरच्या रखवालदारानं त्यांच्या पायातल्या वहाणांकडं बघून नाक मुरडलं, पण पास होता, सोडावं लागलं. हातात कापडी पिशवी होती. बायकोनं विचारलं, आबा, यात काय? म्हणाले, आसू दे.

शर्यत कशी झाली ते मी सांगत बसत नाही. काळी घोडी होती, भित्री, मागून येणाऱ्या घोड्यांच्या आवाजानं जास्त पळणारी. असल्या घोडीवर कसं बसायचं ते मला लहानपणापासून माहीत होतं. मानेएवढ्या फरकानं जिंकलो.

ट्रॅकवरून आत यायची एक वाट असते, दोन्ही बाजूंना कठडा. मालक लगाम धरून चालत होता, मी वर, समोर काट्याची खोली दिसत होती. आणि डाव्या बाजूचा कठडा वाकून ओलांडून आबा आत आले. मी ‘‘आबा, थांबा’’ म्हणालो की नुसतं मनात आलं, कुणास ठाऊक. माझे पाय रिकिबीतून सुटलेले होते. त्यांनी मला कमरेला धरलं आणि खाली ओढलं. शेतकऱ्याचे हात, मी चतकोर भाकरीवर जगणारा माणूस. माझं वजन त्यांना कोकराएवढंही वाटलं नसेल. त्यांनी कपाळाला गुलाल फासला, पिशवीतला गुलाबी फेटा काढून माझ्या डोक्यावर, हेल्मेटवरच, ठेवला, आणि छातीशी धरलं. म्हणाले, ‘‘खरी बारी झाली रं. मी बघितली.’’

मी ते ऐकलं. हे मी कबूल करतो की त्या क्षणी मला काट्याची आठवणही नव्हती. रखवालदार धावत आले, ओरडले. आबांना त्याचं काही वाटलं नाही. गर्दी असली की पोलीस ओरडतातच, हा घाटातला अनुभव. त्यांना हाताला धरून बाहेर नेलं तेव्हा ते हसत होते.

मग मला रेसच्या पंचांच्या, म्हणजे साहेबांच्या, खोलीत बोलावलं. नियम मला पाठ होता, त्यांनाही होता. त्यांतला सगळ्यांत म्हातारा साहेब भला माणूस होता. चष्मा काढून म्हणाला, ‘‘हा माणूस कोण? गर्दीतला कुणी वेडा तुझ्या अंगावर आला असेल, तर गोष्ट वेगळी होते.’’ दार उघडून ठेवलं होतं त्यानं. मी एवढंच म्हणायचं होतं की मी याला ओळखत नाही. ट्रेनर माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती, त्या वेड्याला घेऊन जायला.

मी म्हटलं, ‘‘माझे वडील आहेत.’’

पोलिसांची गाडी रिकामी गेली, शर्यत दुसऱ्या घोड्याला गेली, चॅम्पियनपद दुसऱ्या जॉकीला. नियमानं बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं. मालकानं दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या घोडीवरून काढलं, त्याचंही मला आश्चर्य वाटलं नाही. मालक लोकांचं प्रेम घोडा ट्रॅकबाहेर पडेपर्यंत टिकतं. याचं मला जे व्हायचं ते दुःख एका मोसमात होऊन गेलं.

बाहेर काय झालं ते बायकोनं नंतर आजूबाजूच्या लोकांना विचारून मला सांगितलं. भोंग्यावर इंग्रजीत काहीतरी जाहीर झालं आणि लोक शिव्या देऊ लागले. बायको मला शोधायला आतल्या दाराकडं गेली होती. आबांनी शेजारच्या माणसाला विचारलं, काय झालं? त्या माणसाचे तिकिटावरचे पैसे बुडाले होते. तो म्हणाला, ‘‘जॉकीनं भानगड केली. पकडलं त्याला, बाद केलं.’’

मी बाहेर आलो तेव्हा आबा कठड्यापाशी उभे होते. माझ्या कपाळावर गुलाल तसाच होता, फेटा हातात.

‘‘बाद केलं म्हणत्यात,’’ आबा म्हणाले.

‘‘व्हय, आबा.’’

‘‘पंचांनी बघून केलं का बिन बघता?’’

‘‘बघून केलं.’’

‘‘मंग तू केलंस काय?’’

बायको माझ्या मागं उभी होती. तिला सगळं कळलं होतं आणि तिनं तोंड उघडलं होतं. मी तिला नजरेनं थांबवलं. काय सांगणार होतो? की आबा, तुम्ही आयुष्यात एकदा माझ्या जिंकण्याला हात लावला आणि त्यामुळंच ते बाद झालं? घरी जातील, शांत होतील, मग सवडीनं सांगू, असं वाटलं.

‘‘चूक झाली, आबा.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझीच.’’

त्यांनी माझ्या हातातला फेटा घेतला, नीट घडी घातली, पिशवीत ठेवला. ‘‘बाद ते बाद,’’ म्हणाले आणि चालू लागले.

सवड कधी मिळालीच नाही. त्यानंतर मी पुन्हा चॅम्पियन झालो, पण आबांना बोलवायचा विषय निघाला नाही. गावी गेलो की ते पाणी देत, पीकपाणी विचारत, आणि माझ्याकडं बघायचं टाळत. आता लाज रेसची नव्हती, माझी होती. बायको वर्षानुवर्षं म्हणत राहिली, ‘‘सांगून टाका हो. तुम्ही चोर ठरलात त्यांच्या नजरेत.’’ मी म्हणायचो, ते हळहळत बसतील, झोपणार नाहीत. खरं तर हा मोठेपणा नव्हता. इतकी वर्षं ज्यानं माझ्याकडं पाठ फिरवली, त्याच्यासाठी मी काहीतरी गिळून बसलोय, याची मला एक घाणेरडी चव लागली होती.

मग एका सकाळी ट्रॅकवर घोडा माझ्यासकट कोलमडला, गुडघा गेला, आणि आम्ही दौंडला आलो. फुलं घेऊन कोणी आलं नाही. चहावाला भेटला.

मधली कोर्टाची बंदी उठून बैलगाडे पुन्हा सुरू झाल्यावर गावच्या पोरांच्या डोक्यात आलं की आबा थकले, तर यंदा झेंडापंच मला करायचं. ज्या गावानं मला मुलगी दिली नाही, त्या गावानं वेशीवर माझा फ्लेक्स लावला. घोड्यावरचा फोटो, खाली ‘गावाची शान’. मी नाही म्हणायला हवं होतं. पण घाटाचा झेंडा म्हटल्यावर आतून काहीतरी हललं. आबांच्या हातून तो माझ्या हातात येणार होता. मला वाटलं, न सांगताच सगळं मिटेल.

मांडवात आबांना खुर्चीवर बसवलं होतं. माईकवाल्यानं माझं कौतुक केलं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मग आबांच्या हातात झेंडा देऊन म्हणाला, आबा, आता हा तुमच्या हातानं चॅम्पियनला द्या. मी पुढं झालो.

आबा उठले. झेंडा त्यांनी माझ्याकडं केला नाही. त्यांना माईक नको होता, घाटात त्यांचा आवाज बिनमाइकाचा जायचा.

‘‘ह्यो माझा पोरगा हाय म्हणून मलाच सांगाया पायजे. झेंडा धरणारा कधी बाद झालेला नसावा. ह्यो एकदा झालेला हाय. पुण्याला, मोठ्या शर्यतीत. मी तितं हुतो. दुसऱ्याला द्या.’’

बायको उठून उभी राहिली. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. सगळं गाव समोर होतं, माईक हाताच्या अंतरावर होता, आणि माझा थकलेला बाप झेंडा धरून ताठ उभा होता, त्या दिवशी चुलत्यासमोर होता तसा. माईकवाला हसून काहीतरी बोलला, झेंडा सोसायटीच्या एका माणसाच्या हातात गेला, आणि पहिला गाडा सुटला. बारी चांगली झाली. लोकांनी घोडीवाल्याला खाली ओढलं आणि गुलाल उधळला. मी लांब उभा होतो, माझ्या शर्टावर कणभरही उडाला नाही.

संध्याकाळी आबांना घरी घेऊन निघालो. रस्ता खडीचा, त्यांना दिसत कमी, म्हणून त्यांनी माझा दंड धरला. माझा गुडघा आणि त्यांची नजर, दोघं मिळून कसेबसे एक माणूस होत होतो. मळ्याच्या वळणावर ते थांबले.

‘‘वाईट वाटलं का रं तुला?’’

‘‘न्हाई, आबा.’’

‘‘मला लई वाटलं,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी ती बारी खरीच वाटली हुती मला. म्हणून तर आत घुसलो. पर पंचानं बाद केली म्हंजी त्याला कायतरी दिसलं आसंल, जे मला दिसलं न्हाई.’’

मी म्हटलं, ‘‘व्हय, आबा.’’

बायको मागून चालत होती. दौंडला पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.